व्हिसाचं नाव वाचता आलं पाहिजे : परदेशी नोकरीला निघालेल्या घरांसाठी एक पाठ



आपली भिवंडी यंत्रमागांची आणि गोदामांची. पण इथल्या अनेक घरांचा आखाती देशांशीही जुना संबंध आहे. वर्गात घरच्यांची माहिती विचारली की "अब्बू सौदीला आहेत", "मामा कतारला ड्रायव्हर आहेत" अशी उत्तरं सहज येतात. पालक सभेनंतर एखादी आई पिशवीतून कागद काढते आणि विचारते, "मॅडम, हे बरोबर आहे का बघा ना." कागद इंग्रजीत किंवा अरबीत असतो. दागिने गहाण ठेवून एजंटला पैसे द्यायची वेळ जवळ आलेली असते. अशा वेळी आपल्याला निदान चार गोष्टी माहीत हव्यात, म्हणून हा पाठ.

सगळ्यात आधी एक लक्षात घ्या. "कोणत्या देशात?" हा प्रश्न आपण लगेच विचारतो. "कोणत्या व्हिसावर?" हा मात्र विचारत नाही. खरं तर तिथे कोणाकडे काम करायचं, मालक बदलता येईल का, पगार बुडाला तर कोणाकडे दाद मागायची, हे बरंचसं व्हिसाच्या प्रकारावर ठरतं.

१) व्हिजिट व्हिसा म्हणजे नोकरीचा व्हिसा नव्हे

एजंट म्हणतो, "आधी व्हिजिटवर जा, तिकडे गेल्यावर बदलून देतो." इथे थांबा. व्हिजिट किंवा टुरिस्ट व्हिसावर काम करणं बेकायदेशीर असतं. पगार मिळाला नाही तर तक्रार करताना आपणच गुन्हेगार ठरण्याची भीती. मार्च २०२५ मध्ये पाचशेहून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं. थायलंडमध्ये चांगली नोकरी आहे असं सांगून अशा अनेक तरुणांना म्यानमारमधल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर नेलं जातं. त्यात शिकलेली, संगणक येणारी मुलंही असतात.

२) कामाच्या व्हिसातही फरक असतो

ड्रायव्हरचंच उदाहरण घ्या. एक जण कंपनीच्या व्हिसावर सौदीला जातो, दुसरा एका कुटुंबाच्या घरचा ड्रायव्हर म्हणून जातो. दोघंही गाडीच चालवतात. पण पहिल्याला तिथला कामगार कायदा लागू होतो, दुसरा घरकामगारात मोडतो आणि त्याचे नियम वेगळे. मार्च २०२१ मध्ये सौदीने खासगी क्षेत्रातल्या कामगारांना काही अटींवर मालक बदलायची मुभा दिली, तेव्हा घरकामगार आणि घरचे ड्रायव्हर त्यातून वगळले होते.

"आझाद व्हिसा" हा शब्दही आपल्याकडे खूप ऐकू येतो. पैसे भरा, नावाला एक कफील म्हणजे प्रायोजक मालक, आणि काम कुठेही करा! असा कोणताही व्हिसा कायद्यात नाही. ज्याच्या नावावर व्हिसा आहे त्याला सोडून परवानगीशिवाय दुसरीकडे काम केलं की पकडलं जाण्याची टांगती तलवार कायम.

व्हिसावर लिहिलेलं काम आणि करारातलं काम एकच आहे ना, हेही बघा. व्हिसावर "मजूर" आणि तोंडी वचन इलेक्ट्रिशियनचं असेल, तर पगार कोणत्या कामाचा मिळेल?

३) पासपोर्टवरचा ईसीआर

१९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार, ईसीआर पासपोर्ट असलेल्या माणसाला ठरावीक १८ देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारची मंजुरी घ्यावी लागते. सौदी, अमिराती, कुवेत, कतार, ओमान, बहरीन, मलेशिया हे त्यातलेच. ही मंजुरी प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं कार्यालय देतं. असं कार्यालय मुंबईत आहे. अर्ज ई-मायग्रेट पोर्टलवरून होतो. अशा महिलांसाठी वयाची अट किमान ३० वर्षं आहे.

दहावी पास झालेल्याला ईसीआर नसलेला पासपोर्ट मिळतो. म्हणून काही पालकांना ईसीआर म्हणजे अडाणीपणाचा शिक्का वाटतो आणि एजंटलाही ती कटकट वाटते. पण त्या मंजुरीच्या वाटेवर करार तपासला जातो आणि प्रवासी भारतीय विमा योजनेचा १० लाखांचा अपघाती विमा काढावा लागतो. दोन वर्षांचा हप्ता फक्त २७५ रुपये. ईसीआरवाल्याला व्हिजिटवर पाठवणारा एजंट नेमकी हीच तपासणी टाळत असतो.

आणि दहावी पास मुलाचं काय? त्याला मंजुरीसाठी थांबावं लागत नाही, ही मोठी सोय आहे. पण मग त्याचा करार तपासणारंही कोणी नसतं, ते त्याचं त्यालाच करावं लागतं. दहावीचं प्रमाणपत्र हातात आहे आणि करार वाचता येत नाही, असं झालं तर आपल्या शिकवण्याचा उपयोग काय?

४) पैसे देण्याआधी

• एजंटचा परवाना क्रमांक मागा आणि ई-मायग्रेट पोर्टलवर स्वतः शोधून बघा. जाहिरातीत क्रमांकच नसेल तर पुढे जाऊ नका.
• नोंदणीकृत एजंट सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेऊ शकतो. पावती घ्याच.
• करारात पगार, कामाचे तास, सुट्टी, राहणं-जेवण आणि परतीचं तिकीट लिहिलेलं हवं.
• पासपोर्ट, व्हिसा आणि कराराच्या प्रती घरी ठेवा.
• शंका आली तर परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा १८००-११-३०९० हा टोल फ्री क्रमांक आहे.

५) आखाताच्या पलीकडे

आता जर्मनीचीही चर्चा ऐकू येते. तिथे जून २०२४ पासून "संधी कार्ड" सुरू झालं. त्यावर तिथे जाऊन वर्षभर नोकरी शोधता येते. त्यासाठी पदवी किंवा किमान दोन वर्षांचं मान्यताप्राप्त व्यावसायिक शिक्षण, थोडी जर्मन किंवा चांगली इंग्रजी, आणि तिथल्या खर्चाची सोय दाखवावी लागते. म्हणजे "दहावीनंतर आयटीआय कशाला?" असं म्हणणाऱ्या पालकांना आपल्याकडे एक उत्तर आहे.

६) आपण शाळेत काय करू शकतो?

पहिलं काम जनरल रजिस्टरचं. मुलाचं नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख जन्मदाखल्याशी आणि आधारशी जुळते का, हे पहिलीतच तपासा. "मोहम्मद", "मोहंमद", "मो." अशी तीन कागदांवर तीन नावं असली की वीस वर्षांनी पासपोर्टच्या वेळी त्याच मुलाला खेटे घालावे लागतात. शाळा सोडल्यावर रजिस्टरमध्ये दुरुस्ती करणं फार अवघड जातं.

दुसरं, सहावी-सातवीच्या मुलांना भाषेच्या तासाला एक नमुना करार द्या. पगार किती, कोणत्या चलनात, आठवड्याची सुट्टी कधी, काम सोडायचं असेल तर काय, हे प्रश्न फळ्यावर लिहा आणि उत्तरं कागदात शोधायला सांगा. हेच तर आकलन! गणितात दिरहम आणि रियालचे रुपये करायला द्या.

तिसरं, पालक सभेत दहा मिनिटं वरची पाच कलमी यादी वाचून दाखवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या मुलांना ती वहीत उतरवून घरी न्यायला सांगा.

परदेशी जाऊ नका, असं आपण कोणाला सांगत नाही. त्या कमाईवर कितीतरी घरं उभी राहिली आहेत आणि कितीतरी मुलं शिकली आहेत. फक्त सही करण्याआधी घरातल्या एकाने तरी कागद नीट वाचलेला असावा, आणि बऱ्याचदा तो एक जण आपल्या वर्गातलं पोर असतं.