रस्त्याखालचे पाणी

पावसाळ्यात डांबरी रस्त्यावर खड्डे पडू लागले की दोष बहुधा डांबराला किंवा अवजड वाहनांना दिला जातो. परंतु पुष्कळदा हानीचे मूळ पृष्ठभागाखाली कोंडलेल्या पाण्यात असते.

रस्ता अनेक थरांचा बनलेला असतो. वर डांबरमिश्रित थर, त्याखाली खडीचे थर आणि तळाशी दाबून घट्ट केलेली माती. चाकांचा भार थराथरांतून पसरत अखेर या मातीवर येतो. स्कॉटलंडमध्ये जन्मलेले रस्तेतज्ज्ञ जॉन मॅकॅडम (१७५६-१८३६) यांनी हे ओळखले होते. भार खरोखर पेलते ती मूळची जमीन, आणि तीही कोरडी असेपर्यंतच, असे त्यांचे प्रतिपादन होते.

या थरांत पाणी तीन वाटांनी शिरते. भेगांतून व कडांतून ते झिरपते. डोंगरउतारावर बाजूच्या जमिनीतून पाझरते. भूजल उथळ असेल तेथे केशाकर्षणाने खालून वर चढते. खडीतील पोकळ्या पाण्याने भरल्या म्हणजे चाकांचा दाब काही अंशी पाण्यावर पडतो आणि खडीची परस्परांतील पकड सैल होते. दाबलेले पाणी बारीक माती बाहेर ढकलते. आधार गेलेला डांबरी थर वाकतो, तडकतो आणि त्या भेगांतून आणखी पाणी आत जाते. दख्खनच्या काळ्या मातीत याहून अधिक संकट असते, कारण ती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते.

केवळ खडीची जाडी वाढवून हा प्रश्न सुटत नाही. बारीक कण अत्यल्प असलेल्या खडीचा निचरा-थर तळाशी घालून तो भरावाच्या उतारापर्यंत न्यावा लागतो. पुष्कळ ठिकाणी तो डांबरी पट्ट्याच्या कडेपाशीच थांबवून बाजूपट्टीत चिकणमाती भरली जाते. मग रस्ता जणू हौदात बसतो. आत आलेल्या पाण्याला बाहेर पडण्यास वाट उरत नाही. डोंगर कापून केलेल्या रस्त्यांना कडेने खोल चर खणून त्यांत सच्छिद्र नळ बसवणे हितावह ठरते. नळाभोवती वाळू व खडीची गाळणी हवी, अन्यथा तो गाळाने भरतो.

भारतात रस्त्याची जाडी ठरवताना मातीचा नमुना चार दिवस पाण्यात भिजवून त्याची भारक्षमता मोजण्याची पद्धत रूढ आहे. ही सावधगिरी योग्यच. मात्र ती निचऱ्याची जागा घेऊ शकत नाही. म्हणूनच पावसाळ्यापूर्वी खड्डे बुजवण्याइतकेच निचऱ्याची तोंडे मोकळी करणे अगत्याचे आहे.