टप्पा पडू द्या, गचका नको

एसप्राइट हे पिक्सेल-चित्रांचं सॉफ्टवेअर उघडा. आज आपण एक रबरी चेंडू उडवणार आहोत, लगोरीला असतो तसा. चित्रकला बेताची असली तरी चालेल. सगळी गंमत आहे कधी आणि किती यात. चला, बसा शेजारी.

१. ३२ पिक्सेल रुंद आणि ४८ पिक्सेल उंच असा नवा कॅनव्हास घ्या. मोठा घ्यायचा मोह होईल, आवरा. प्रत्येक फ्रेमला हमाली वाढते.

२. कॅनव्हास गडद निळ्या रंगाने भरा.

३. अगदी तळाशी २ पिक्सेल जाडीची जमीन काढा.

४. चेंडूसाठी वेगळा लेअर घ्या. हे विसरलात तर पुढे चेंडूबरोबर जमीनही उड्या मारेल.

५. त्या लेअरवर सगळ्यात वर २ पिक्सेल आणि दोन्ही बाजूंना १०-१० पिक्सेल सोडून १२ बाय १२चा गोल चेंडू काढा. खाली मोजून बघा: चेंडूचा तळ जमिनीपासून बरोबर ३२ पिक्सेल वर हवा.

६. एफ ३ दाबून ओनियन स्किन चालू करा. आधीची फ्रेम पुसट दिसत राहील.

७. ऑल्ट आणि एन दाबा. पहिल्या फ्रेमची प्रत तयार झाली.

८. कंट्रोल-ए ने निवड करून, व्ही दाबून, बाणाच्या कळेने चेंडू २ पिक्सेल खाली न्या, झाल्यावर कंट्रोल-डी. निवड न करता खालचा बाण दाबलात तर चेंडूऐवजी लेअरच बदलेल. आणि माउसने ओढू नका हं, चेंडू एखादा पिक्सेल आडवा सरकतो आणि मग तो का थरथरतोय हे शोधत बसावं लागतं.

९. पुन्हा प्रत काढा आणि चेंडू ६ पिक्सेल खाली न्या.

१०. पुन्हा प्रत, आता १० पिक्सेल.

११. पाचवी फ्रेम: प्रत, आणि १४ पिक्सेल. चेंडू जमिनीला टेकला पाहिजे. टेकला नाही किंवा आत घुसला, तर पायरी ५चं मोजमाप चुकलंय.

जरा थांबून एकेका फ्रेमवर जाऊन ओनियन स्किनकडे बघा. २, ६, १०, १४: वर चेंडू एकमेकांना खेटून, खाली दूर-दूर. हेच अंतर ८-८ पिक्सेलचं ठेवून बघा हवं तर. चेंडू पडणार नाही, लिफ्टसारखा उतरेल! माझ्या मते नवखी ॲनिमेशनं बिघडतात ती बहुतेक इथेच, आणि लोक मात्र फ्रेम वाढवत बसतात.

१२. पाचव्या फ्रेममधला चेंडू पुसून तिथे चपटा काढा: १६ रुंद, ९ उंच, तळ जमिनीला चिकटलेला. रुंदी वाढवून उंची तशीच ठेवलीत तर चेंडू दबल्याऐवजी फुगलेला दिसेल. १२ गुणिले १२ म्हणजे १४४, १६ गुणिले ९ म्हणजेही १४४. जुळलं की नाही?

१३. चौथ्या फ्रेममधला चेंडू लांबट करा: १० रुंद, १४ उंच. वरचं टोक जागेवर ठेवून खाली २ पिक्सेल वाढवा. रुंदी ९ किंवा ११ करू नका. १२चा मध्य आणि ९चा मध्य जुळत नाही, चेंडू कडेला उडी मारतो.

१४. चौथ्या फ्रेमची प्रत पाचवीच्या पुढे ठेवा.

१५. तिच्यापुढे तिसरीची प्रत ठेवा.

१६. तिच्यापुढे दुसरीची. इथेच थांबा! पहिलीची प्रत शेवटी लावलीत तर फेरा फिरताना ती दोनदा दिसेल आणि चेंडू वर अडकेल.

१७. टाइमलाइनमध्ये आठही फ्रेम निवडून प्रत्येकीचा वेळ ६० मिलिसेकंद करा. आपोआप आलेले १०० फार संथ पडतात. (एसप्राइटऐवजी पिस्केल हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर तिथे सगळ्या फ्रेमना एकच वेग असतो, एखादी जास्त थांबवायची तर तिची प्रतच काढावी लागते.)

१८. एंटर दाबून दहा फेरे नुसते बघा. हात मागे.

१९. फक्त पाचवी फ्रेम ४० वर आणा. टप्प्याला तडफ येईल. एका वेळी एकच आकडा बदला, नाहीतर काय सुधारलं ते कळत नाही.

२०. पहिली फ्रेम १२० करा. वर चेंडू क्षणभर तरंगेल. १५०च्या पुढे गेलात तर खिळ्याला टांगल्यासारखा दिसेल.

२१. अजूनही वर थिजल्यासारखा वाटतो? मग पहिल्या फ्रेमची प्रत तिच्याच पुढे काढा.

२२. दोघींना ६०-६० द्या.

२३. नव्या प्रतीत चेंडूची सगळ्यात वरची ओळ चेंडू आणि पार्श्वभूमी यांच्या मधल्या रंगाने रंगवा.

२४. तोच रंग चेंडूच्या तळाखाली एक ओळ वाढवून लावा. चेंडू अर्धा पिक्सेल उतरल्याचा भास होतो. मधला रंग फार उजळ निवडलात तर चेंडू लांबट दिसेल, मग एक छटा गडद करा.

२५. जिफ म्हणून एक्स्पोर्ट करताना आकार ४०० टक्के ठेवा. २५०सारखा आकडा दिलात तर काही पिक्सेल जाडे, काही बारीक होतील. जिफमध्ये वेळ १० मिलिसेकंदांच्या पटीतच राहतो, तेव्हा मध्येच कुठे ४५ टाकला असेल तर एक्स्पोर्टआधी तो ४० किंवा ५० करून घ्या.