कुठला सांतियागो?

सेमिनारमध्ये मी ‘सांतियागोचा पूल’ म्हणाले. सरांनी विचारलं, "कुठला सांतियागो? चिलीची राजधानी?" माझं त-त-प-प झालं; मार्क गेले. मग रात्री हॉस्टेलवर शोधत बसले.

१५४१ साली वसलेलं ते शहर सांतियागो. हेमिंग्वेचा म्हातारा कोळी सांतियागो. मज्जासंस्थेच्या रचनेवरील कामासाठी १९०६ चं नोबेल मिळवणारे काहालही सांतियागोच! माझे होते इंजिनिअर कालात्राव्हा. सेव्हिलमधल्या त्यांच्या १९९२ च्या पुलाचा १४२ मीटरचा खांब मागे झुकलेला आहे. त्याच्याच वजनाने पूल तोलला जातो.

मूळ एकच: संत याकोब, स्पेनचे आश्रयदाते संत. कॉन्व्हेंटमध्ये आम्ही त्यांनाच सेंट जेम्स म्हणायचो!

थोडक्यात, नाव म्हणजे ‘सी’मधलं लोकल व्हेरिएबल. फंक्शन बदललं की व्हॅल्यू वेगळी. तेव्हा व्हायवाला आडनावासकट जा!