मेसचे ताट आणि दंडाचे माप

आमच्या विंगमध्ये दर जुलैला जिमची लाट येते आणि सबमिशनपर्यंत ओसरते. मागच्या वर्षी मी त्या लाटेत होतो. "पुस्तकं घ्यायचीत" असं घरी सांगून पैसे मागवले आणि प्रोटीन पावडरचा मोठा डबा आणला. रोज एक चमचा पावडर, रोज तासभर डंबेल्स. सकाळी उठवत नसे म्हणून नाश्ता बहुतेक बुडायचा. तीन महिन्यांनी काट्यावर उभा राहिलो तर ६१ किलोचा ५८ झालेलो!

मग जे आधी करायला हवं होतं ते केलं. वही घेऊन मेसमध्ये बसलो. (मेसचे काका म्हणाले, "काय रे, कम्प्लेंट लिहितोस का?")

हिशोब असा. एक चपाती म्हणजे साधारण १०० कॅलरी आणि ३ ग्रॅम प्रोटीन. चार चपात्या, वाटीभर भात, आपलं ते सुप्रसिद्ध पातळ वरण आणि भाजी मिळून एका जेवणात ७५० कॅलरी आणि २१ ग्रॅम प्रोटीन. दोन जेवणं, पोहे आणि दोन चहा धरले तर दिवसाला १८७० कॅलरी आणि ५० ग्रॅम. तेही नाश्ता केला तर!

आता गरज बघू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे साध्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं. ५८ किलोला ४८ ग्रॅम. म्हणजे मेस तेवढं देते, उगाच शिव्या नकोत. पण स्नायू वाढवायचे तर? २०१८ साली ४९ प्रयोगांचा एकत्र आढावा निघाला. त्यात किलोमागे १.६ ग्रॅमच्या आसपास फायदा थांबतो असं दिसलं. माझ्यासाठी ते ९३ ग्रॅम. दोनशे ग्रॅम खाणारा ज्यादाचं जाळतो किंवा साठवतो, एवढंच.

खरी मेख कॅलरीत आहे. व्यायाम धरून मला आहे तेवढं वजन टिकवायलाच अंदाजे २३५० कॅलरी लागतात, वाढवायला वर ३०० तरी. मेसमधून मिळतात १८७०. थर्मोडायनॅमिक्सचा पहिला नियम आपण पेपरात लिहितो आणि पोटाला लावत नाही. इंधन कमी पडलं की शरीर प्रोटीनसुद्धा जाळतं. माझ्या त्या चमच्यात २४ ग्रॅम प्रोटीन होतं, पण कॅलरी फक्त १२०. थोडक्यात, मी महागाची वीट आणून चुलीत घालत होतो.

आणि विटा तरी किती लागतात? स्नायूत तीन चतुर्थांश पाणीच असतं. एक किलो स्नायूत प्रोटीन जेमतेम २०० ग्रॅम. तो किलो वाढायलाही नवख्याला महिना-दोन महिने सहज जातात.

मग रोज ५० ग्रॅम शेंगदाणे (१२ ग्रॅम, २८५ कॅलरी), अर्धा लिटर दूध (१६ ग्रॅम, ३२० कॅलरी) आणि तीन उकडलेली अंडी (१८ ग्रॅम, २२० कॅलरी) सुरू केली. बेरीज मारा, मेससकट ९६ ग्रॅम आणि २६९५ कॅलरी होतात. अंडी न खाणाऱ्यांनी ३५ ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्या भिजवून भाजीत टाकाव्यात आणि एक चपाती वाढवावी. चपातीतल्या प्रोटीनमध्ये लायसिन कमी असतं, ते डाळीत भरपूर मिळतं. म्हणून वरण सोडू नका, फक्त डाव तळापर्यंत घालायला सांगा. किडनीचा त्रास असलेल्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावं.

दोन महिन्यांनी काटा ६० वर आला. त्यात चरबी किती आणि स्नायू किती ते काटा सांगत नाही, पण पुल-अप्स तीनाचे सात झाले. डब्यात अजून पाव भाग पावडर आहे. दिवाळीत आईने विचारलं, "पुस्तकं कुठली घेतलीस रे?" तेव्हा खरं सांगितलं. येताना तिने दोन किलो भाजलेले शेंगदाणे बांधून दिले.