निहारी : घटक आणि पोषण

मराठीतील ‘न्याहारी’ आणि उर्दूतील ‘निहारी’ हे एकाच कुळातील शब्द होत. रात्रभर मंद आचेवर शिजवून सकाळी रोटीबरोबर खाल्ला जाणारा हा मांसाचा दाट रस्सा जुन्या दिल्लीत विशेष प्रसिद्ध आहे. 1947 च्या फाळणीनंतर दिल्लीहून गेलेल्या कुटुंबांबरोबर तो कराचीत पोहोचला. पाकिस्तानात तो प्रामुख्याने गोमांसाचा, तर दिल्लीत बहुधा म्हशीच्या मांसाचा करतात.

निहारीसाठी जनावराच्या पोटरीचे मांस नळ्यांसह घेतात. सतत राबणाऱ्या या स्नायूंत कोलॅजेन नावाचे चिवट प्रथिन पुष्कळ असते. अनेक तास पाण्यात शिजल्यावर त्याचे जिलेटिन बनते. मांस मऊ होते आणि रस्सा चिकट होतो. सुंठ, बडीशेप, पिंपळी, वेलदोडे, लवंग, दालचिनी व जायपत्री यांची पूड त्याला स्वाद देते, तर पाण्यात कालवलेली कणीक दाटपणा आणते.

सारी ताकद रश्शातच उतरते, अशी एक समजूत आहे. ती फारशी खरी नाही. जिलेटिनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसते. हाडांतील कॅल्शियम रश्शात फार थोडे उतरते आणि नळीतील मगज ही मुख्यतः चरबीच असते. खरे पोषण मांसाच्या तुकड्यांत आहे. चरबी काढलेल्या 100 ग्रॅम कच्च्या मांसात सुमारे 20 ग्रॅम प्रथिने व 2 मिलिग्रॅमच्या आसपास लोह असते. शिवाय जस्त आणि ब-12 जीवनसत्त्वही मिळते.

मांसातील लोह शरीरात सहज शोषले जाते, धान्यातील मात्र थोडेच. पण सोबत मांस असले की रोटीतील लोहाचेही शोषण वाढते. लिंबातील क जीवनसत्त्व त्यास हातभार लावते. शिजवताना या जीवनसत्त्वाचा बराच नाश होतो. म्हणून लिंबू पानातच पिळण्याची रीत पोषणाच्या दृष्टीनेही योग्य ठरते.

रश्शावरील तवंगात संपृक्त चरबी असते. हृदयविकार असलेल्यांनी तो काढून टाकणे हिताचे. भारतात 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वर्षांच्या 57 टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. तेव्हा ज्या घरी निहारी होते आणि मांसाचे तुकडे मोजकेच असतात, तेथे स्त्रियांची व मुलांची केवळ रश्शावर बोळवण होऊ नये.