डावपेचाच्या पानाची किंमत

बेसबॉल हा खेळ आपल्याकडे फारसा खेळला जात नाही, परंतु तो मैदानावर न जाता टेबलावर खेळता येतो. अमेरिकेत २००० साली ‘एमएलबी शोडाऊन’ नावाचा पत्त्यांचा एक खेळ निघाला आणि २००५ पर्यंत त्याचे नवे संच निघत राहिले. त्यात प्रत्येक खेळाडूचे एक पान असते व त्याच्यावर त्या खेळाडूची किंमत गुणांत छापलेली असते. सगळा संघ मिळून ५,००० गुणांच्या आत बसवावा लागतो. म्हणजे महागडा खेळाडू घेतला की दुसरीकडे काटकसर आलीच.

याशिवाय ‘डावपेचाची पाने’ असतात. ती हातात लपवून ठेवायची आणि योग्य वेळी टाकायची. गंमत अशी, की या पानांवर किंमत छापलेली नसते! मग एखादे पान फार जबर झाले आहे की अगदीच कुचकामी, हे ते तयार करणाऱ्याने कसे ओळखावे? येथे गणित उपयोगी पडते.

प्रथम खेळ थोडक्यात समजून घेऊ. चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार बेस असतात. चेंडू टोलवून फलंदाज पहिला, दुसरा, तिसरा बेस घेत मूळ जागी परतला की एक धाव होते. तीन गडी बाद झाले की फलंदाजीची पाळी संपते. प्रत्येक संघाला अशा ९ पाळ्या मिळतात. चेंडू फेकणाऱ्याला पिचर म्हणतात.

टेबलावर हे सारे २० बाजूंच्या फाशाने होते. पिचरच्या पानावर ‘नियंत्रणा’चा आकडा असतो, तर फलंदाजाच्या पानावर ‘बेस गाठण्या’चा. फासा टाकून त्यात पिचरचा आकडा मिळवायचा. बेरीज फलंदाजाच्या आकड्यापेक्षा जास्त आली तर पुढचा निकाल पिचरच्या तक्त्यावर पाहायचा, नाही तर फलंदाजाच्या. मग फासा पुन्हा टाकायचा आणि त्या तक्त्यात काय लिहिले आहे ते वाचायचे. (असा फासा नसेल तर १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या डब्यात घालून एक काढावी. मात्र काढलेली चिठ्ठी प्रत्येक वेळी परत टाकली पाहिजे, नाही तर पुढचे सारे हिशेब चुकतील. का, ते तुम्हीच शोधा.)

समजा, पिचरचा आकडा ४ आणि फलंदाजाचा ९ आहे. फाशावर ६ किंवा अधिक पडले तर पिचरचा तक्ता, म्हणजे २० पैकी १५ वेळा. उरलेल्या ५ वेळा फलंदाजाचा. हेही समजू, की पिचरच्या तक्त्यावर फलंदाज २० पैकी ४ वेळा बेस गाठतो आणि स्वतःच्या तक्त्यावर १६ वेळा. तर बेस गाठण्याची एकूण संभाव्यता

०.७५ × ०.२० + ०.२५ × ०.८० = ०.३५

आता एक पान बनवू : ‘पिचरच्या बेरजेत २ मिळवा.’ पिचरचा तक्ता १५ ऐवजी १७ वेळा येईल, आणि वरील गणित पुन्हा केले तर उत्तर ०.२९ येते. म्हणजे पानाची किंमत ०.०६. पान बेताचे आहे, कोणाची तक्रार नसावी.

परंतु पानावर एक गोष्ट लिहायची राहिली. ते फासा टाकण्याआधी खेळायचे की नंतर?

वरचा हिशेब ‘आधी’चा आहे. नंतर खेळता येत असेल तर शहाणा खेळाडू काय करील? फासा पाहीपर्यंत तो गप्प बसेल. ६ वा जास्त पडले तर पानाची गरजच नाही. १, २ किंवा ३ पडले तर पान टाकूनही उपयोग नाही. नेमके ४ किंवा ५ पडले की मात्र तो पान टाकील, आणि फलंदाजाचा तक्ता जाऊन पिचरचा येईल. बेस गाठण्याची संभाव्यता ०.८० वरून एकदम ०.२० वर! येथे पानाची किंमत ०.६० झाली. आकडा तोच, २. किंमत मात्र दसपट.

कोणी म्हणेल, ४ किंवा ५ पडण्याची संधी दहात एकदाच येते. खरे आहे. पण ९ पाळ्यांत मिळून सुमारे ४० फलंदाज येतात. ४० वेळांत ही संधी एकदाही न येण्याची संभाव्यता ०.९ चा चाळिसावा घात, म्हणजे १०० पैकी २ पेक्षाही कमी. तेव्हा पान वाया जाण्याची भीती जवळजवळ नाहीच. उलट, फासा टाकण्याआधी खेळायच्या पानावर २ ऐवजी ५ लिहिले, म्हणजे पिचरचा तक्ता हमखास मिळवून दिला, तरी त्याची किंमत ०.२५ × ०.६० = ०.१५ एवढीच भरते. माझ्या मते पान बनवताना आकड्यांवर जेवढा विचार होतो, त्याच्या निम्माही ‘केव्हा’ या शब्दावर होत नाही, आणि बहुतेक बिघाड तेथेच होतात.

आतापर्यंत आपण फक्त बेस गाठण्याचे पाहिले. सामना मात्र धावांवर जिंकला जातो. कॅनडातील जॉर्ज लिंडसे यांनी १९६३ साली खऱ्या सामन्यांच्या नोंदींवरून एक कोष्टक प्रसिद्ध केले. कोणत्या बेसवर खेळाडू आहेत आणि किती बाद झाले आहेत यावरून पाळी संपेपर्यंत आणखी सरासरी किती धावा होतात, हे त्यात दिले आहे. पहिल्या बेसवर एक खेळाडू, कोणी बाद नाही : सुमारे ०.८१. दुसऱ्या बेसवर एक, कोणी बाद नाही : १.१९. बेस रिकामे, एक बाद : ०.२४. आपल्या टेबलावरच्या खेळात हे आकडे थोडे वेगळे येतील, पण पद्धत तीच.

समजा पान असे आहे : ‘पहिल्या बेसवरचा खेळाडू दुसरा बेस चोरतो, फासा टाका.’ चोरी साधली तर ०.८१ चे १.१९, म्हणजे ०.३८ चा फायदा. पकडला गेला तर ०.८१ चे ०.२४, म्हणजे ०.५७ चा तोटा. फायदा-तोटा बरोबरीत येण्यासाठी यशाची संभाव्यता ०.५७ ÷ ०.९५ = ०.६० हवी, म्हणजे २० पैकी बरोबर १२ बाजू. १२ बाजूंचे पान म्हणजे नुसती नाणेफेक. १३ बाजूंवर (८ किंवा अधिक पडल्यास) यश दिले तर सरासरी ०.०५ धावेचा लाभ होतो. हे पान ठीक वाटते.

पण दोन गडी बाद असतील तर? तेव्हा पहिल्या बेसवरच्या खेळाडूची किंमत ०.२२, दुसऱ्या बेसवरच्याची ०.३०. चोरी साधली तर मिळकत फक्त ०.०८, फसली तर पाळीच संपली, ०.२२ गेले. आता निदान १५ बाजू पाहिजेत. तेच १३ बाजूंचे पान येथे तोट्याचे ठरते! मला हे पान म्हणूनच आवडते. केव्हा टाकावे हे खेळणाऱ्याला ठरवावे लागते, आणि घाई करणारा हरतो. जे पान हातात येताच डोळे मिटून टाकले तरी चालते, त्यात डावपेच कसला?

याउलट ‘बळीचा फटका’ घ्या. फलंदाज मुद्दाम हळूच चेंडू टेकवून स्वतः बाद होतो आणि पहिल्या बेसवरच्या खेळाडूला दुसऱ्यावर पोचवतो. दुसऱ्या बेसवर एक आणि एक बाद, ही स्थिती कोष्टकात ०.६७ आहे. ०.८१ देऊन ०.६७ घेतले! शेवटच्या पाळीत एकच धाव हवी असेल तेव्हाची गोष्ट निराळी, एरवी असे पान कोणी हातात ठेवणार नाही. त्याला काहीतरी जोड दिली पाहिजे, उदाहरणार्थ ‘आणि नवे एक पान उचला’. त्या नव्या पानाची सरासरी किंमत निदान ०.१४ धाव भरली पाहिजे, हेही आता आपल्याला ठाऊक आहे.

आता एक पान तुम्ही तपासा. कोणी बाद नाही, दुसऱ्या बेसवरचा खेळाडू तिसरा बेस चोरू पाहतो. तिसऱ्या बेसवर एक व कोणी बाद नाही, या स्थितीची किंमत १.३९ धरा. बाकीचे आकडे वर आले आहेत. पान तोट्याचे होऊ नये म्हणून २० पैकी कमीत कमी किती बाजूंवर यश द्याल?

(उत्तर : १७)