सूनबाईला न्यायच्या आधी

अरे, दुबईतली नोकरी पक्की झाली, रहिवासी परवाना हातात आला आणि आता सूनबाईला आणि पोराला न्यायचं म्हणतोस. ने. जमेल तितक्या लवकर ने. नवरा आखातात आणि बायको कन्नडला, असे संसार मी जवळून पाहिलेत. पैसा वेळेवर येतो, घरावर स्लॅब पडतो, पण पोरगं बापाला फोनच्या काचेतूनच ओळखतं. मीही नेलेलीच बाई. तुझ्या काकांनी मला मस्कतला नेलं, आणि आमचा निम्मा संसार तिथल्या रुवी भागात झाला. म्हणून सांगते, विमानतळावर तिला घ्यायला जाशील तो दिवस डोळ्यांपुढे ठेवून तयारी करू नकोस. तू सकाळी कामाला गेल्यावर ती त्या बंद फ्लॅटात पोराला घेऊन बसेल, तो दिवस डोळ्यांपुढे ठेव. सगळं त्याच्या हिशेबानं ठरव.

सुरुवात कागदांपासून कर, आणि ती दुबईत होत नाही, इथंच होते. लग्न वाजतगाजत झालं, हजार माणूस जेवून गेलं, तरी नोंदणी केली नसेल तर तिकडच्या टेबलावर ती तुझी कोणी लागत नाही. १९९८ च्या कायद्यानं महाराष्ट्रात लग्नाची नोंदणी करावीच लागते. लग्न गावात लागलं असेल तर ग्रामपंचायतीत, कन्नड शहरात लागलं असेल तर नगरपरिषदेत. लग्नपत्रिका, लग्नातला फोटो, भटजींची सही आणि तीन साक्षीदार लागतात. दाखला मिळाला की तो घडी घालून पिशवीत टाकू नकोस. खिडकीशी उभा राहूनच दोघांची नावं पासपोर्टशी अक्षर न् अक्षर लावून बघ. सही-शिक्का झाल्यावर दुरुस्ती म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा खेपा.

नावांचा घोळ आपल्याकडे घरोघर आहे. तिच्या दहावीच्या मार्कलिस्टवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पोराच्या जन्मदाखल्यावर आईचं नुसतं पहिलं नाव, आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये कुठं एक अक्षर जास्त, कुठं कमी. आपल्याला ती एकच बाई दिसते, परक्या अधिकाऱ्याला तीन दिसतात. तेव्हा तिचा पासपोर्ट प्रमाण धर आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवून घे. नाव सरळ सरळ बदललेलंच असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करून घे आणि त्या पानाच्या प्रती जपून ठेव. आपल्या जिल्ह्याची आणखी एक गोष्ट आहे. २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं. त्यामुळे तुझ्या कागदांवर औरंगाबाद आणि पोराच्या कागदांवर नवं नाव असणार. तिकडच्या कारकुनाला हे ठाऊक असायचं कारण नाही. शासनाच्या अधिसूचनेची प्रत फाइलीत असू दे, म्हणजे दोन वेगळे जिल्हे कसे, या प्रश्नाला उत्तर तयार राहील.

पोराचा जन्मदाखलाही आजच काढून बघ. जन्माची नोंद दवाखान्यातून होते, बारसं मागाहून होतं, आणि बाळाच्या नावाचा रकाना तसाच कोरा राहतो. नाव नंतर घालता येतं, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना तर पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो, दुसरं काही चालत नाही. पासपोर्टला दोन्ही पालकांची संमती लागते. बाप परदेशात आणि आई इथं असली की तेवढ्यासाठी कागद तिकडून मागवत बसावं लागतं. पुढच्या सुट्टीत येशील तेव्हाच छत्रपती संभाजीनगरात छावणीच्या पोस्टातल्या पासपोर्ट केंद्राची तारीख घे आणि तिघंही जाऊन या. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेव.

दाखले तयार झाले की त्यांचा प्रवास सुरू होतो. लग्नाचा आणि जन्माचा दाखला आधी मुंबईला मंत्रालयात गृह विभागाकडे, मग परराष्ट्र मंत्रालयाकडे, मग अमिरातीच्या वकिलातीकडे, आणि शेवटी तिकडं गेल्यावर त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का नि अरबी भाषांतर. भारत २००५ पासून कागदपत्रांच्या हेग करारात आहे. ओमान, बहरीन आणि आता सौदीही त्यात आहेत, म्हणून तिथं अपोस्टिल, म्हणजे वकिलातीत न जाता परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, चालतं. अमिराती त्यात नाहीत, म्हणून तुला लांबचा रस्ता. एजंटाकडे मूळ कागद देण्याआधी प्रत्येक पानाचा मागून-पुढून फोटो काढ आणि पोच घे. आणि हे नीट ऐक: त्याच फेरीत सूनबाईच्या पदवीवरही शिक्के मारून घे. मराठवाडा विद्यापीठाची पदवी तिनं मन लावून घेतली आहे. नवऱ्याच्या नावावर राहणाऱ्या बाईलाही तिथं नोकरी करता येते, तिला ठेवणारी कंपनी परवाना काढते. पण शाळेत किंवा दवाखान्यात जागा निघाली आणि पदवीचे शिक्के नसले, तर ते होईस्तोवर जागा भरून जाते. आपण बायकोचा व्हिसा काढतो आणि तिचं शिक्षण कन्नडच्या कपाटात ठेवून जातो, हे मला कधीच पटलं नाही.

पगाराची अट तुला माहीत असेलच. बायको-मुलांना न्यायला महिन्याला ४,००० दिरहॅम, किंवा ३,००० आणि राहायची जागा. अट पुरी झाली म्हणजे घर चालेल असं समजू नकोस. भाड्याचे चेक आगाऊ द्यावे लागतात, शाळेची फी असते, आणि दुबईत बायको-पोरांचा आरोग्य विमा तुझ्याच गळ्यात असतो. ती उतरल्यापासून साठ दिवसांत वैद्यकीय तपासणी, ओळखपत्र आणि रहिवासाचं काम मार्गी लावायचं असतं. ते दोन महिने दुसरा मोठा खर्च काढू नकोस. तिचा परवाना तुझ्या परवान्याला बांधलेला आहे, तुझी नोकरी गेली की सगळ्यांचीच निघायची वेळ येते. म्हणून निदान सहा महिन्यांचा खर्च आणि तिघांच्या तिकिटाचे पैसे बाजूला टाकल्याशिवाय तिला बोलावू नकोस, असं माझं स्पष्ट मत आहे.

कोणाच्या तोंडी शब्दावर तर मुळीच जाऊ नकोस. ‘आधी तुम्ही जा, मिसेसना मागून पाठवतो’ हे वाक्य एजंटांच्या तोंडात बसलेलं आहे. ब्रिटनचं बघ. वृद्धांची सेवा करायला गेलेल्या केअर वर्करना ११ मार्च २०२४ पासून बायको-नवरा-मुलं आणणं बंद झालं, आणि जुलै २०२५ मध्ये त्या कामाला बाहेरून नवी माणसं घेणंच थांबवलं. कर्ज काढून गेलेल्यांचे संसार मधोमध तुटले. देश कोणताही असो, कुटुंबाचा नियम त्या देशाच्या सरकारी पानावर स्वतः वाचायचा, आणि निघायच्या आठवड्यात पुन्हा वाचायचा.

तुझा धाकटा चुलतभाऊ जर्मनीचं म्हणतोय. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या सरकारनं बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवायचा करार केला, तेव्हापासून त्याच्या डोक्यात इलेक्ट्रिशियन म्हणून जायचं आहे. त्याला एवढंच सांग की भाषा एकट्यानं शिकू नकोस. व्हिसाला लागो न लागो, बायकोनंही इथं असतानाच जर्मन शिकायला हवं. तिकडं पोरांना शाळेत घालावंच लागतं, घरी शिकवलेलं चालत नाही, आणि शाळेची चिठ्ठी येते ती जर्मनमध्ये. नवरा पाळीवर असताना ती चिठ्ठी वाचणार कोण? बाकी त्याच्यासाठी एक चांगलं आहे, १ मार्च २०२४ नंतर कुशल कामगार म्हणून पहिल्यांदा परवाना मिळालेल्यांना तिथं आई-वडिलांनाही नेता येतं, त्यांच्या पोटापाण्याची आणि आरोग्य विम्याची हमी देता आली तर.

आता तिच्या दिवसाचं. मी मस्कतला उतरले तेव्हा काका सकाळी सहाला जायचे ते संध्याकाळी यायचे. खाली रस्ता, पण उन्हात माणूस नाही. खिडकी उघडावी तर भट्टीचा वारा आत यायचा. शेजारच्या दारामागं कोण राहतं ते कळायला महिना गेला, तेही जिन्यात फोडणीचा वास आला म्हणून. केरळची बाई होती. तिनं मला भाजीवाला दाखवला, बसचा थांबा दाखवला, नि मग माझे दिवस सरकायला लागले. त्यावरून सांगते, तिला जून ते सप्टेंबरात नेऊ नकोस. दुबईत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी उघड्यावर काम करायला सरकारच बंदी घालतं, त्यावरून काय ते समज. दिवाळी झाली की ने. नोव्हेंबर ते मार्च हवा छान असते, पोराला घेऊन संध्याकाळी खाली उतरता येतं, आणि पाय मोकळे झाले की ओळखी होतात. शिवाय तिकडच्या आपल्या शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात, आपल्यासारख्या जूनमध्ये नाही. दिवाळीनंतर गेलं तर प्रवेशाचे अर्ज हाताशी लागतात. तुझं पोर अजून लहान आहे, पण कोणाचं आठवी-नववीतलं असेल तर त्याला सांग, सीबीएसईत नववीतच नोंदणी होते. मधेच दहावीत घालतो म्हटलं तर सहज घेत नाहीत. अशा पोराला एक तर आठवीतच न्यावं, नाही तर इथं दहावी करू द्यावी.

घर निवडताना तुझ्या ऑफिसच्या अंतराला महत्त्व देऊ नकोस. तू अर्धा तास जास्त बसमध्ये बसलास तर काही बिघडत नाही. तिला पायी जाता येईल असं किराणा दुकान, दवाखाना आणि मुलांना खेळायला जागा असू दे. घर स्वस्त मिळतं म्हणून वाळवंटाच्या कडेला ठेवू नकोस. ती आल्याच्या पहिल्या आठवड्यात तिच्याबरोबर मेट्रोनं फिर, एकदा तू पुढं, एकदा ती पुढं. तिचा पासपोर्ट, ओळखपत्र आणि विम्याचं कार्ड तिच्याच पर्समध्ये राहू दे. तिचं स्वतःचं खातं उघड. घरखर्चाला रोज तुझ्यापुढं हात पसरायला लागला, तर परमुलखात माणूस आतून मिटतं. महाराष्ट्र मंडळाचा गणपती असतो, हळदीकुंकू असतं, तिथं ने. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ चं आहे. आपली माणसं जिथं गेली तिथं आधी मंडळ काढतात, ते उगाच नाही. पण फक्त मराठी बायकांतच गुंतू देऊ नकोस, माझी खरी सोबत त्या केरळच्या बाईची होती.

तुझ्या आई-वडिलांना कायमचं न्यायचं मनात असेल तर थांब. अमिरातीत त्यासाठी पगाराची अट खूप वरची आहे, अनामत भरावी लागते, आणि परवाना वर्षावर्षाचा. पण समज ते सगळं जमलं, तरी तुझे आई-वडील शेतावरची माणसं. पहाटे उठून मक्याला पाणी द्यायला जाणारा माणूस अकराव्या मजल्यावर किती दिवस टिकेल? त्यांना दरसाल दोन-तीन महिने बोलाव, कापूस वेचून झाला की. बाकी वर्ष त्यांची सोय इथं कर: औषधांचं दुकान ठरवून ठेव, रात्री गाडी काढणारा एक शेजारी, आणि महिन्याचे पैसे ठरल्या तारखेला थेट आईच्या खात्यात.

शेताचंही जाण्याआधी बोलून घे. वडिलांना झेपेनासं झालं तर बटईनं द्यायचं, आणि ते पाडव्याला ठरवायचं, मधेच नाही. ई-पीक पाहणी हंगामात वेळेवर झाली पाहिजे, ती मोबाइलवर शेतात उभं राहून करावी लागते, तेव्हा कोणा एकाचं नाव नक्की कर. तुझ्या वाट्याच्या कामांसाठी मुखत्यारपत्र द्यायचं असेल तर इथंच दुय्यम निबंधकाकडे नोंदवून जा. कामं नावानिशी लिही, विक्रीचा अधिकार देऊ नकोस, मग माणूस सख्खा असला तरी. तिकडून आपल्या वकिलातीत करून पाठवलंस तर इथं पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो, ही मुदत लोक हटकून विसरतात. तुला तिकडं राहून नवी शेतजमीन घेता येणार नाही, पण वाडवडिलांची ठेवता येते. आणि इथलं साधं बचत खातं बँकेत जाऊन एनआरओ, म्हणजे अनिवासींचं खातं, करून घे.

देवाच्या कृपेनं तिकडं दुसरं बाळ झालं तर जन्मापासून १२० दिवसांत त्याचा परवाना काढायचा असतो, आणि त्याआधी आपल्या दूतावासातून पासपोर्ट. म्हणजे बाळंतपणाच्या धांदलीतच हे सगळं येतं, फोटो आणि अर्ज आधी तयार ठेव. तेव्हा तुझी आई येईलच. तिला आत्ताच सांगून ठेव, डिंकाच्या लाडवात खसखस घालायची नाही. अनारशांवरही नाही, आणि बरोबर आणायच्या काळ्या मसाल्यातही नाही. अमिरातीत आणि सौदीत खसखस अमली पदार्थात धरतात, मूठभर सापडली तरी माणसाला अडकवतात. मसाला विकतचा असेल तर पाकिटावरची यादी वाच. तिच्या बीपीच्या गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत ठेवायला सांग, आणि खोकल्याचं औषध इथून न्यायचंच नाही, तिकडं डॉक्टरला दाखवून घ्यायचं.